अंदाजे

सहा महिने बिलावर तोच शब्द: अंदाजे.
मे महिन्यात आम्ही तिघंही म्हसळ्याला,
सोहारच्या घराला कुलूप,
फ्रीज पुसून दार उघडं ठेवलेलं,
तरी बिल आलं, अंदाजे एकतीस रियाल.
मी म्हटलं, कुलपाला उकडत होतं का?
सलाउद्दीन हसला नाही. भरून आला.
परक्या मुलखात माणूस आधी भरतो, मग विचारतो,
आणि विचारायचं बहुतेक राहूनच जातं.

मग एका मंगळवारी मुराद आला,
बलूशी पोरगा, खिशात टेस्टर, कानामागे पेन्सिल.
जिन्याखालचा जुना मीटर त्याने उतरवला,
आतलं चाक थांबताना मी पाहिलं.
नव्यात चाकच नाही, नुसता लुकलुकता लाल ठिपका.
"आता रीडिंगला कोणी येणार नाही," तो म्हणाला,
"हा स्वतःच सांगेल."
कोणाला?
"कंपनीला. तुम्हालाही."
मी चहा दिला. वेलची जरा जास्तच पडली.

तेव्हापासून फोनवर रोज चोवीस काड्या,
तासाला एक, काडेपेटीतल्या उभ्या केल्यासारख्या.
सगळ्यात उंच दुपारी तीनची.
तीनला घरात असतं कोण?
मी शाळेच्या बसमध्ये, तो बंदरावर, मुलगी वर्गात.
दोन दिवस शोधलं. गीझर!
जूनमध्ये गच्चीवरची टाकी आपली आपण उकळते,
आणि तेच पाणी आम्ही पैसे देऊन पुन्हा उकळत होतो.
आता बटण बंद. गीझरच्या पोटात पाणी निवतं,
आणि गार पाणी हवं तर लाल नळ सोडायचा.
फोनवर अम्मीला सांगितलं, तर म्हणाली,
उन्हानं तुझं डोकं फिरलंय.

दुपारी वीज महाग, रात्री उतरते, असंही कळलं.
हे मला कोणी शिकवायला नको.
बाजार उठताना बांगडा किती उतरतो
हे बघतच मी लहानाची मोठी झाले.
कपडे आता अकरानंतर धुते,
फजरच्या आधी ते गॅलरीत कडकडीत वाळलेले असतात.

ऑगस्टात एकदा रात्री सगळंच गेलं.
फ्रीजमध्ये त्याचं इन्सुलिन.
पूर्वी असं झालं की फोन लावायचा,
अरबीसाठी एक दाबा, गाणं ऐकत बसा,
मग सांगा, टायरच्या दुकानामागे, मशिदीच्या अलीकडे,
नाही, अलीकडे, अलीकडे.
या वेळी मेणबत्तीच सापडली नव्हती, तोवर मेसेज:
तुमच्याकडचा पुरवठा खंडित झाला आहे, काम सुरू आहे.
न सांगता कोणाला तरी कळलं होतं
की आम्ही अंधारात आहोत.
एकोणीस मिनिटं. मी मोजली.

मग ती रात्री दोनची काडी.
बुटकी, पण रोजची. तीन आठवडे.
मी मशीनवर संशय घेतला, फ्रीजवर घेतला,
मुलीचा चार्जरसुद्धा काढून ठेवला.
शेवटी एका रात्री जागीच राहिले.
हॉलमधला एसी सुरू, दिवा बंद,
फोनच्या उजेडात सलाउद्दीन
वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने आकडे मांडत बसलेला.
बंदरावर माणसं कमी करतायत.
त्याने सांगितलं नव्हतं.
मीटरनेही सांगितलं नव्हतं,
त्याने फक्त वेळ दाखवली.

किती महिने निघतील? मी विचारलं.
"अंदाजे," तो म्हणाला, आणि पुढे बोललाच नाही.

मी शेजारी बसले. फोन उघडला.
या महिन्याचे बावीस रियाल, चारशे बैसा.
एवढं तरी पेनने लिही, म्हटलं.
त्याला पेन सापडेना.
मी एसी बंद करून खिडकी उघडली,
समुद्राकडची दमट हवा आत आली, गरम, फुकटची.